पाचशे ग्रॅमची कोलांटी

२०२५ च्या नोव्हेंबरात, छत्तीसगड राज्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून हवाई दलाच्या सूर्यकिरण चमूने नवा रायपूरच्या सेंध तलावावर कसरती केल्या. नऊ हॉक विमानं एकमेकांच्या पंखाला पंख लावून उलटी होत होती, सुटी होत होती, पुन्हा जुळत होती. त्यानंतर आमच्या समता कॉलनीत काही दिवस प्रत्येक गच्चीवर तळहाताचं विमान करून फिरवणारी मुलं दिसत होती. माझी भाची त्यातलीच एक, नववीत शिकणारी. चार दिवसांनी तिने विचारलं, "मामा, असं विमान घरी बनेल का? उलटं उडणारं?"

बनतं. घरात विमान बांधणं हा मराठी माणसाला तसा नवा विषय नाही. मुंबईच्या चारकोपमध्ये अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर माणसं बसतील असं खरं विमान बांधलं, २०१६ साली ते 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात मांडलं आणि पुढच्या वर्षी त्याची सरकारदरबारी नोंदणीही झाली. पुण्याच्या सदानंद काळे यांची एरोमॉडेलिंगची प्रात्यक्षिकं शाळाशाळांतल्या मुलांनी पाहिली आहेत. पवईच्या आयआयटीत विद्यार्थ्यांमध्ये रेडिओवर चालणाऱ्या विमानांच्या स्पर्धा होतात. आपल्याला हवं आहे ते त्याहून बरंच छोटं: जेवणाच्या टेबलावर मावेल असं, विजेवर चालणारं, रेडिओने उडणारं आणि आकाशात कोलांट्या मारणारं विमान.

मात्र सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कलाबाज विमान हे शिकण्याचं विमान नाही. शिकाऊ विमानाचे पंख धडाच्या वर असतात आणि टोकांकडे किंचित उचललेले असतात. त्यामुळे हात सोडला की ते आपलं आपण सरळ होतं, सायकलला मागे दोन छोटी चाकं लावावीत तसं. कलाबाज विमानातून हीच चाकं मुद्दाम काढून टाकलेली असतात. पंख धडाच्या मधोमध, सपाट. वरची आणि खालची बाजू अगदी सारखी, म्हणजे उलटं उडतानाही त्याला काही फरक पडू नये. ज्या कोनात ठेवाल त्या कोनात ते राहतं. तिरकं ठेवलं तर तिरकंच. चालवणारा गोंधळला तर सावरायला ते येणार नाही.

म्हणून घरात करार झाला. विमान बांधायचं कलाबाजच, पण उडवायचं ते शिकाऊ विमानावर हात बसल्यावर, आणि त्याच्याही आधी फोनवर. पिकासिम नावाचं एक मोफत सिम्युलेटर फोनवर चालतं. त्यात विमान शंभर वेळा आपटलं तरी खर्च शून्य. भाचीने पहिल्या आठवड्यात किती वेळा आपटलं ते विचारू नका. तिसऱ्या आठवड्यात मात्र ती उलटं उडवून परत सरळ करत होती, आणि आजोबा चष्मा कपाळावर चढवून तिच्या मागे उभे राहून बघत होते.

विजेने काय बदललं

जुन्या काळी अशा विमानांना छोटी इंजिनं असत. मिथेनॉल आणि एरंडेलाच्या इंधनावर चालणारी, कानठळ्या बसवणारी, हात आणि कपडे तेलकट करणारी. कॉलनीत असं इंजिन सुरू केलं असतं तर शेजाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी दार ठोठावलं असतं. विजेवर रेडिओ विमान उडवण्याची पहिली अधिकृत नोंद ३० जून १९५७ ची आहे. इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी 'रेडिओ क्वीन' नावाचं मॉडेल चांदी-जस्ताच्या बॅटरीवर उडवलं. पण पुढची कित्येक वर्षं विजेचं विमान म्हणजे जड बॅटरी पोटाशी धरून कसंबसं उडणारा प्रकार होता. कोलांटीचा तर प्रश्नच नाही.

खेळ पालटला तो दोन वस्तूंनी. एक ब्रशलेस मोटर, जिच्यात घासणारे कार्बनचे ब्रश नसतात. दुसरी लिथियम पॉलिमर म्हणजे लिपो बॅटरी, जी वजनाच्या मानाने प्रचंड वीज देते आणि तीही एकदम. आज जागतिक स्पर्धांत जी एफ-थ्री-ए वर्गातली कलाबाज विमानं उडतात, त्यांना दोन मीटर लांबी, दोन मीटर पंख आणि पाच किलो वजनाची मर्यादा आहे. त्यातही आता बॅटरीवरचीच विमानं भरपूर असतात. आपण त्याच्या दहाव्या हिश्शाच्या वजनात बसणार आहोत.

आधी वही, मग कटर

फोम कापण्याआधी आजोबांनी एक जुनी वही काढली. ते भिलाई स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले. तिथे काहीही बनवण्याआधी कागद बनतो. पहिल्या पानावर त्यांनी एकच आकडा लिहिला: ५००. विमान पाचशे ग्रॅमच्या वर जाता कामा नये. मग खाली एकेक वस्तू. धड, पंख आणि शेपूट मिळून १७० ग्रॅम. मोटर ५५. तिचा वेग सांभाळणारी ईएससी २५. बॅटरी ११०. चार छोट्या सर्व्हो, दांड्या-स्क्रूसकट ४५. रिसीव्हर १५. प्रोपेलर आणि त्याची बसवणी १५. चाकं, पुशरॉड, तारा, वेल्क्रो, टेप धरून ४०. बेरीज ४७५. शिल्लक २५ ग्रॅम, आणि अनुभवी माणूस सांगेल की ते गोंदात जातात.

ही बेरीज कंटाळवाणी वाटते, पण माझ्या मते सबंध छंदाचा गाभा हाच आहे. विमान आधी वहीत उडतं. पंख ९० सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद, सरळ आयताकृती, म्हणजे साडेबावीस चौरस डेसिमीटर. त्यावर ४७५ ग्रॅम म्हणजे दर चौरस डेसिमीटरला २१ ग्रॅम. एवढ्या हलक्या भाराचं विमान सावकाश उडतं, लहान जागेत वळतं आणि पडलंच तर हळू पडतं. हाच भार दुप्पट झाला की तेच विमान उडत राहण्यासाठी सुमारे दीडपट वेग मागतं, आणि नवख्या हाताला तेवढा विचार करायला वेळच मिळत नाही.

सामान काय घ्यायचं

मुलांचा पहिला हात जातो स्टेशनरीच्या दुकानातल्या सनबोर्डकडे, कारण शाळेचे सगळे प्रोजेक्ट त्यातच होतात. पण सनबोर्ड जड. हाच आराखडा सनबोर्डात कापला तर नुसता सांगाडाच किलोच्या पुढे जातो. हवा तो डेपरॉन किंवा तत्सम दाबीव फोम, पाच मिलिमीटर जाडीचा. मुठीत धरला तर वजनच जाणवत नाही. पंख वाकू नये म्हणून त्यात कार्बनची बारीक नळी किंवा पट्टी बसवायची. कार्बन मिळाला नाही तर पतंगवाल्याची बांबूची कामटीही चालते, फक्त दोन्ही बाजूंना सारख्या वजनाची निवडावी. पतंगाला कणा आणि कमान का लागते हे ज्या मुलाला कळलं आहे, त्याला विमानाचा सांगाडा समजावून सांगावा लागत नाही.

गोंदाबद्दल एक सावधगिरी. फेविक्विकसारखा झटपट चिकटणारा गोंद थर्माकोल-डेपरॉनला खातो; लावला की तिथे खड्डाच पडतो. फोमला चालेल असाच गोंद घ्यावा आणि आधी एका तुकड्यावर लावून बघावा. हॉट ग्लू सोयीचा, पण वजनदार, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तो मऊ पडतो. मोटर बसवण्याची जागा, म्हणजे नाकातली प्लायची छोटी फळी, तिथे एपॉक्सीच लावावं. मोटर हवेत सुटून आली तर ती गंमत नसते.

मोटर घेताना दुकानदार 'हजार केव्ही' असं काहीतरी म्हणतो. हे किलोव्होल्ट नव्हे. एका व्होल्टला मोकळी मोटर मिनिटाला किती फेरे घेते, तो हा आकडा. आपली बॅटरी तीन सेलची, ११.१ व्होल्टची; म्हणजे हजार केव्हीची मोटर मोकळी असताना मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरेल. प्रोपेलर लावला की हवा तिला अडवते आणि फेरे कमी होतात. कॉलेजच्या मुलांमध्ये सगळ्यात चालणारी २२१२ आकाराची मोटर दहा इंची प्रोपेलरबरोबर साधारण ८०० ग्रॅम ओढ देते. विमान ४७५ ग्रॅमचं, ओढ ८०० ग्रॅमची. म्हणजे विमान नाक आकाशाकडे करून सरळ वर चढू शकतं, आणि हात सरावला की प्रोपेलरवर जणू खुंटीला टांगल्यासारखं हवेत स्थिर उभंही राहू शकतं. कलाबाजी म्हणजे मुख्यतः ही शिल्लक ताकद.

प्रोपेलरवर १०×४.५ लिहिलेलं असतं. पहिला आकडा व्यास, दुसरा एका फेऱ्यात तो किती पुढे सरकू पाहतो ते, दोन्ही इंचांत. लाकडात स्क्रू फिरवताना तो जसा पुढे जातो, तसंच. मिनिटाला सात हजार फेरे धरले तर हा प्रोपेलर ताशी ४८ किलोमीटरपर्यंत नेऊ शकेल. कलाबाज विमानाला इतका वेग पुरतो. त्याला सुसाट पळायचं नसतं, ओढायचं असतं. म्हणून व्यास मोठा आणि दुसरा आकडा लहान.

खर्चाचं म्हणाल तर ट्रान्समीटर आणि रिसीव्हरचा साधा सहा चॅनेलचा संच चार-पाच हजारांच्या घरात, आणि बाकीचं सगळं मिळून जवळपास तेवढंच. यात रेडिओ पुढच्या प्रत्येक विमानाला कामी येतो, म्हणून पैसे वाचवायचे तर तिथे वाचवू नयेत. आजचे बहुतेक रेडिओ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. पूर्वी दोघांचे क्रिस्टल एकच निघाले की एकाच्या रेडिओने दुसऱ्याचं विमान पडायचं. ती भांडणं आता संपली.

कावडीचा हिशेब

फोमचे तुकडे कापून जोडणं दोन रविवारांत होतं. गणपतीच्या मखरासाठी थर्माकोल कापलेला हात असेल तर एका रविवारातही. नवीन पातं, लोखंडी पट्टी आणि घाई नको, एवढंच. पंखाच्या मागच्या कडेला जवळजवळ पूर्ण लांबीभर एलेरॉनची हलती पट्टी, शेपटीला आडवा एलिव्हेटर, उभा रडर. शिकाऊ विमानात या पट्ट्या अरुंद असतात, इथे चांगल्या रुंद. जिथे पट्टी वाकणार तिथे कड ४५ अंशांत तासायची आणि टेपची बिजागरी करायची.

खरा विचार लागतो तो आतलं सामान कुठे बसवायचं याला. इथे कावड आठवावी. कावडीच्या एका टोकाला जड घागर असेल तर खांदा त्या बाजूला सरकवावा लागतो. विमानाचा खांदा म्हणजे पंखावरची एक रेषा. २५ सेंटिमीटर रुंदीच्या पंखात ती पुढच्या कडेपासून साडेसहा ते साडेसात सेंटिमीटरवर येते. तिथे दोन बोटांवर विमान तोललं तर ते आडवं राहिलं पाहिजे.

भाचीला एलिव्हेटर आणि रडरच्या सर्व्हो शेपटीतच बसवायच्या होत्या. तिचं म्हणणं सरळ होतं: दांडी आखूड होईल, पट्टी नेमकी हलेल. बरोबरच आहे. पण वहीत मांडून पाहिलं. दोन सर्व्होंचे १८ ग्रॅम, तोलापासून ४५ सेंटिमीटर मागे, गुणाकार ८१०. हे फेडायला नाकाकडे १२ सेंटिमीटरवर ६७ ग्रॅमचा आणखी बोजा लागेल, आणि वहीत शिल्लक होते २५. "म्हणजे शेपटीतला एक ग्रॅम पुढे जवळजवळ चार ग्रॅम खातो," ती म्हणाली. सर्व्हो पंखाखाली आल्या आणि तिथून शेपटीपर्यंत कार्बनच्या लांब, सरळ काड्या गेल्या. शाळेत 'तरफेचे प्रकार' तिने पाठ केले होते. तरफ कळली ती त्या दुपारी.

शेवटचा बारीक तोल बॅटरीने साधतात. ती वेल्क्रोवर बसते, म्हणून सरकवता येते. ११० ग्रॅमची बॅटरी दोन सेंटिमीटर पुढे नेली की सगळ्या विमानाचा तोल जवळपास अर्धा सेंटिमीटर पुढे येतो. पहिल्या उड्डाणाला तोल किंचित पुढेच ठेवावा. नाक जड असलं तर विमान आळशी होतं, वळायला वेळ घेतं, पण उतरवता येतं. शेपूट जड असलं तर ते दर क्षणी नाक वर टाकतं आणि बहुतेक वेळा पहिल्याच उड्डाणात मोडतं. नाकात शिशाचा तुकडा चिकटवून तोल साधणारे लोक भेटतात. मला ते पटत नाही. शिसं फक्त वजन वाढवतं, सामान सरकवून तोच तोल फुकट मिळतो.

मोटर अगदी सरळ बसवत नाहीत हेही नव्या माणसाला आश्चर्याचं वाटतं. मागून बघताना तिला दोन-तीन अंश उजवीकडे वळवतात. प्रोपेलर हवा नुसती मागे ढकलत नाही, ती पिळवटून टाकतो. ती पिळलेली हवा शेपटीच्या उभ्या पंखावर एका बाजूने आपटते आणि नाक डावीकडे ओढलं जातं. हे दोन-तीन अंश ती ओढ फेडतात.

टेबलावरची तपासणी

आता तारा जोडायच्या. पहिला नियम: टेबलावर काम चालू असताना प्रोपेलर लावायचाच नाही. बोट कापण्याच्या घटना मैदानावरच नव्हे, घरीही, 'फक्त एकदा बघतो' म्हणताना होतात. दहा इंचांचं ते प्लास्टिक मिनिटाला हजारो फेरे घेतं आणि चुकून दांडी हलली तर थांबायला विचारत नाही.

दुसरा नियम क्रमाचा. आधी हातातला ट्रान्समीटर सुरू, मग विमानाची बॅटरी. बंद करताना उलट. मोटर उलटी फिरली तर घाबरू नये. तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल केल्या की सरळ फिरते. प्रोपेलर लावताना त्यावरची अक्षरं पुढे, म्हणजे विमान जाणार त्या दिशेला.

मग येते ती तपासणी, जी न केल्याने सर्वाधिक नवी विमानं पहिल्या दहा सेकंदांत जातात. विमानाच्या मागे उभं राहायचं, शेपूट आपल्याकडे. दांडी उजवीकडे केली की उजव्या पंखाची पट्टी वर गेली पाहिजे आणि डाव्याची खाली. दांडी आपल्याकडे ओढली की शेपटीची आडवी पट्टी वर. रडर उजवीकडे दिला की उभी पट्टी उजवीकडे. एलेरॉन उलटे लागलेले असले तर विमान उजवीकडे झुकल्यावर तुम्ही डावीकडे सावरायला जाता, ते आणखी उजवीकडे झुकतं, तुम्ही आणखी डावीकडे, आणि खेळ संपतो. आजोबांनी यासाठी एक पद्धत घातली: भाचीने दांडी हलवायची, दुसऱ्याने मोठ्याने पट्टीची दिशा सांगायची, तिसऱ्याने वहीत खूण करायची. सुरुवातीला सगळे हसले. आता घरात कोणी हसत नाही.

पट्ट्या किती हलाव्यात हे कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजता येतं. उलट्यासुलट्या कसरतींसाठी त्या ४० अंशांच्याही पुढे जातात, पण पहिल्या दिवशी १०-१२ अंशच ठेवावेत. ट्रान्समीटरवर एक छोटा स्विच त्यासाठी असतो: खाली शांत, वर धिंगाणा. शिवाय फेलसेफ लावून ठेवायचं. रेडिओचा संपर्क तुटला तर मोटर आपोआप बंद झाली पाहिजे. नाहीतर विमान पूर्ण ताकदीने कुठल्या तरी छपराकडे निघतं. ट्रान्समीटर बंद करून, अर्थात प्रोपेलर काढून, हे टेबलावरच तपासता येतं.

रंगाचं काम मुलांवर सोडावं, एक अट घालून: वरची आणि खालची बाजू अगदी वेगळी दिसली पाहिजे. वर मोठे पट्टे, खाली चौकटी, असं काहीही. शंभर मीटरवर पांढरं विमान सुलट आहे की उलट, हे डोळ्याला कळत नाही, आणि कळलं नाही की दांडी चुकते.

लिपो: घरातला वाघ

या सगळ्या सामानात मला खरी भीती एकाच वस्तूची वाटते. लिपो बॅटरी पंक्चर झाली, फुगली किंवा चुकीची चार्ज झाली तर पेट घेते आणि ती आग चटकन आटोक्यात येत नाही. आपल्या तीन सेलच्या बॅटरीत प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो, ३.५ च्या खाली नेऊ नये. चार्जर बॅलन्सवालाच हवा, जो तिन्ही सेल वेगवेगळे बघतो. १३०० मिलीअँपिअर-अवरची बॅटरी १.३ अँपिअरवर चार्ज करावी, म्हणजे तासाभरात होते. तो तासभर कोणीतरी खोलीत जागं असलं पाहिजे. रात्री लावून झोपणं बंद. आम्ही बॅटरी बाल्कनीत मातीच्या रिकाम्या कुंडीत ठेवून चार्ज करतो, शेजारी वाळूची बादली. पडदे, गादी, वर्तमानपत्रांची रद्दी यांपासून दूर.

रायपूरचा उन्हाळा या बॅटरीला मानवत नाही. पारा ४४-४५ वर असताना बंद गाडीत ती ठेवणं म्हणजे संकटाला बोलावणं. फुगलेली बॅटरी 'अजून चालते आहे' म्हणून वापरू नये आणि घरच्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नये. पूर्ण रिकामी करून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. नागपूर-पुण्याला विमानाने जाताना बरोबर न्यायची झाली तर चेक-इन सामानात नाही, हातातल्या बॅगेत, टोकं झाकून.

उडवायचं कुठे

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जड गेला. समता कॉलनीत घराला घर लागून; गच्चीवरून उडवण्याचा विचारसुद्धा नको. जवळच जीई रोडला सायन्स कॉलेजचं मैदान आहे, पण तिथे माणसं, क्रिकेट, मेळे. मग कोणीतरी म्हणतं, "नवा रायपूरला जा ना, केवढे रिकामे रस्ते!" नेमकं तिथेच जायचं नाही. मान्याचा स्वामी विवेकानंद विमानतळ त्याच बाजूला आहे आणि त्या रिकाम्या आकाशात खरी प्रवासी विमानं उतरत असतात.

२०२१ च्या ड्रोन नियमांत पायलट नसलेलं प्रत्येक उडतं यंत्र येतं, पंखांचं विमानही. २५० ग्रॅम ते दोन किलो हा सूक्ष्म वर्ग. आपलं विमान त्यात बसतं. हौसेसाठी या वर्गात पायलटचा परवाना लागत नाही, पण म्हणून नियम लागू नाहीत असं नव्हे. डिजिटल स्कायच्या नकाशात लाल, पिवळे, हिरवे पट्टे असतात. हिरव्यात १२० मीटरपर्यंत मोकळीक, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ती ६० मीटरच, आणि लालमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीच नाही. नोंदणीचे नियम आणि नकाशा दोन्ही बदलत राहतात, म्हणून जाण्याच्या दिवशीच फोनवर बघावं. हे आईवडिलांनी मुलाबरोबर बसून बघावं असं मला वाटतं; नियम मोडला तर जबाबदारी नववीतल्या मुलीवर जाणार नाही.

आम्हाला शेवटी जागा मिळाली ती शहराच्या पश्चिमेला, धानाची कापणी झालेल्या शेतांत. मालकाला विचारून. डिसेंबर-जानेवारीत तिथे माणूस नसतो, खुंटांवर विमान पडलं तरी फोम दबतो, मोडत नाही. फक्त बांध आणि विजेच्या तारा आधी पायी फिरून पाहून घ्याव्यात. थंडीच्या सकाळचा आणखी एक फायदा आहे. पंधरा अंशांची हवा ४५ अंशांच्या हवेपेक्षा जवळपास दहा टक्के घट्ट असते, म्हणून त्याच प्रोपेलरला जास्त ओढ मिळते, आणि नऊपर्यंत वाराही पडलेला असतो. मे महिन्याच्या दुपारी तेच विमान थकल्यासारखं उडतं.

आणि ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारी मुलं आहेत त्यांनी एनसीसीच्या एअर विंगची चौकशी करावी. रायपूरलाही एअर स्क्वाड्रन आहे, आणि एरोमॉडेलिंग हा तिथे शिकवला जाणारा विषय आहे; देशपातळीवरच्या वायु सैनिक कॅम्पमध्ये त्याच्या स्पर्धा होतात. शेजारी एक जाणता माणूस उभा असणं हे शंभर व्हिडिओंपेक्षा उपयोगी पडतं.

पहिली पाच मिनिटं

वाऱ्याकडे तोंड करून, दोन-तृतीयांश ताकदीवर, एकाने हलकेच सरळ सोडायचं. वर नव्हे, क्षितिजाकडे. उंची मिळाली की आधी काहीच करायचं नाही. नुसते मोठे चौकोन. विमान डावीकडे ओढत असेल तर ट्रिमच्या बटणाने एक-एक टिचकी उजवीकडे. दोन उंच घरांइतकी उंची झाली की ताकद कमी करून ते किती हळू उडतं, कधी नाक टाकतं, हे पाहून ठेवायचं, कारण उतरताना तेच लागणार असतं.

सगळ्यांना फसवणारा क्षण येतो तो विमान आपल्याकडे येत असताना. आता त्याचं उजवं ते आपलं डावं. विचार करत बसलात तर उशीर होतो. सोपी युक्ती: जो पंख खाली झुकलेला दिसतो, दांडी त्याच्याच बाजूला न्यायची, जणू त्याला खालून आधार देतो आहोत. भाचीने हे फोनवर घोटलं होतं, म्हणून मैदानावर तिचा अंगठा बरोबर गेला.

मग पहिली कोलांटी: वेग घेऊन दांडी हळू मागे, डोक्यावर आल्यावर थोडी सैल, उतरताना ताकद कमी. कूस बदलणं, म्हणजे रोल, त्याहून सोपं: नाक थोडं वर करायचं आणि एलेरॉन धरून ठेवायचं. उलटं उडवलं की तोलाची परीक्षाही होते. उलट्या विमानाचं नाक वर धरायला दांडी खूप पुढे ढकलावी लागली तर नाक जड आहे. पुढच्या बॅटरीला वेल्क्रोवर पाच मिलिमीटर मागे.

आपली बॅटरी सरासरी नऊ अँपिअर धरली तर नऊ मिनिटंही पुरत नाही, म्हणून ट्रान्समीटरचा टायमर पाच मिनिटांवर लावतो. तो वाजला की कितीही मजा येत असली तरी विमान खाली. उतरल्यावर आधी विमानाची बॅटरी काढायची, मग ट्रान्समीटर बंद. मोटरचे स्क्रू आणि सर्व्होची जोडणी बोटाने हलवून बघायची, फोमला गेलेली चीर टेपने तिथेच बुजवायची. आणि घरी आल्यावर बॅटरी तशीच टाकून न देता प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून कुंडीत ठेवायची, पुढच्या रविवारपर्यंत.